मधपेटीचा आराखडा : छापील आकृतीपासून यंत्राच्या मार्गापर्यंत

कृषी संशोधन संस्था, कृषी विद्यापीठे आणि कृषी विज्ञान केंद्रे यांनी शेतकऱ्यांसाठी आजवर अनेक उपकरणांचे आराखडे तयार केले आहेत. मधपेट्या, प्रकाश सापळे, मित्रकीटकांच्या संगोपनाचे पिंजरे, पेरणी यंत्राच्या बियाणे तबकड्या अशी त्यांची यादी मोठी आहे. यांपैकी बहुतेक आराखडे आजही पुस्तिकेतील छापील आकृती किंवा त्या आकृतीची संगणकावर घेतलेली प्रत याच स्वरूपात शेतकऱ्यापर्यंत पोहोचतात. दुसरीकडे औद्योगिक प्रशिक्षण संस्था, गावोगावच्या कार्यशाळा आणि हौशी तरुणांची घरे येथे स्वतः जुळवलेली संगणक-नियंत्रित कोरीव यंत्रे, म्हणजेच सीएनसी राउटर, दिसू लागली आहेत. आराखडा आहे आणि यंत्रही आहे. मात्र या दोहोंना जोडणारा दुवा तयार झालेला नाही. तो तयार करण्याची पहिली जबाबदारी आराखडा प्रसिद्ध करणाऱ्या संस्थेची आहे आणि दुसरी विस्तार यंत्रणेची. मधपेटीच्या उदाहरणावरून ही गोष्ट सर्वाधिक स्पष्ट होते.

मिलिमीटरचे महत्त्व

अमेरिकन मधमाशीपालक लॉरेन्झो लँगस्ट्रॉथ यांनी १८५१ मध्ये ‘बी-स्पेस’चे तत्त्व पेटीच्या रचनेत वापरले आणि हलत्या चौकटींची आधुनिक मधपेटी अस्तित्वात आली. मधमाश्या ये-जा करण्यासाठी ठरावीक रुंदीची वाट मोकळी ठेवतात. युरोपीय मधमाशीच्या बाबतीत ही वाट साधारण ६ ते ९ मिलिमीटर असते. फट याहून अरुंद असेल तर माश्या ती राळेने बुजवतात आणि रुंद असेल तर तेथे जादा पोळे बांधतात. दोन्ही प्रकारांत चौकट भिंतीला चिकटते. ती ओढून काढताना पोळे फाटते, मध सांडतो, त्या वासाने इतर वसाहतींतील माश्या लुटीला येतात आणि प्रसंगी राणी चिरडली जाते.

आपली सातेरी मधमाशी राळेचा वापर जवळजवळ करीत नाही. परंतु चुकीच्या अंतराचा फटका तिला अधिक बसतो. सांधे सैल असलेल्या पेटीतील फटींमध्ये माश्या पोहोचू शकत नाहीत आणि नेमक्या अशाच जागी मेणपतंगाची मादी अंडी घालते. तिच्या अळ्या पोळ्यात बोगदे करून जाळी विणतात. वारंवार उघडझाप, फाटलेली पोळी आणि मेणपतंगाचा प्रादुर्भाव यांना कंटाळून पेटी सोडून जाणे हा सातेरीचा स्वभाव आहे. वसाहत निघून गेली की पेटी रिकामी पडते आणि शेतकरी ‘आपल्या भागात मधमाशी टिकत नाही’ असा निष्कर्ष काढतो. पुष्कळदा दोष भागाचा नसतो, पेटीच्या मापांचा असतो. सूर्यफूल, मोहरी, कांदा बीजोत्पादन अशा पिकांतील परागीभवन पाहता अशा एकेका पेटीमागे केवळ मधाचे नव्हे, तर पिकाच्या उत्पादनाचेही नुकसान असते.

मापांच्या बाबतीत देशभर एकच पेटी चालत नाही. भारतीय मानक १५१५ मध्ये ‘ए’ प्रकारच्या पेटीतील चौकटीचे आतील माप २१० × १४५ मिलिमीटर, तर ‘बी’ प्रकारच्या पेटीसाठी ३०० × १९५ मिलिमीटर आहे. हिमालयाच्या पट्ट्यातील सातेरी दक्षिण भारतातील सातेरीहून आकाराने मोठी असते. युरोपीय मधमाशीसाठी चौकटींमध्ये मध्यापासून मध्यापर्यंत सुमारे ३५ मिलिमीटर अंतर ठेवतात. सातेरीसाठी ते त्याहून कमी लागते. काश्मीरमधील शेतकरी आणि कोकणातील शेतकरी यांनी एकच आकृती पाहून पेटी बनवली, तर दोघांपैकी एकाची पेटी चुकणार हे ठरलेलेच आहे.

चित्र आणि रेखाचित्र

पुस्तिकेतील आकृती संगणकावर घेतली की ती ठिपक्यांची होते. डोळ्यांना तीत रेषा दिसते, यंत्राला मात्र काळे-पांढरे ठिपके दिसतात. यंत्राला हवी असते ती गणिती रेषा : अमुक बिंदूपासून तमुक बिंदूपर्यंत, अमुक त्रिज्येचा कंस. अशा रेषांची नोंद ठेवणारे डीएक्सएफ हे फाइल-स्वरूप १९८२ पासून वापरात आहे. एसव्हीजी हे दुसरे स्वरूप सर्वांसाठी खुले असून इंकस्केपसारख्या विनामूल्य प्रणालीत ते उघडता येते. म्हणजे साधनांची अडचण राहिलेली नाही.

छापील आकृतीवरून संगणकाकरवी आपोआप रेषा काढून घेण्याची सोय असते आणि अनेक तरुण तीच वापरतात. तिचे परिणाम मात्र घातक ठरतात. जाड छापील रेषेच्या दोन्ही कडा संगणक स्वतंत्रपणे ओळखतो आणि एका रेषेच्या दोन रेषा होतात. कागद किंचित तिरपा राहिला असेल तर सगळी आकृतीच तिरपी होते. मापांचे आकडे व बाणही कापण्याच्या रेषा समजले जातात. असा आराखडा पडद्यावर हुबेहूब दिसतो; त्याचा दोष फळी कापल्यावरच कळतो.

चांगल्या रेखाचित्राला चार गोष्टी लागतात. प्रत्येक भागाची कड बंद असावी. केसाएवढी फट राहिली तरी संगणक आत कोणती बाजू आणि बाहेर कोणती हे ठरवू शकत नाही. एकावर एक दोनदा काढलेल्या रेषा नसाव्यात, कारण यंत्र तोच मार्ग दोनदा कापते. मापांचे आकडे आणि सूचना स्वतंत्र थरावर असाव्यात, म्हणजे कापताना तो थर बंद ठेवता येतो. चौथी गोष्ट एककाची. डीएक्सएफ फाइलमध्ये एककाची नोंद असेलच असे नाही. मिलिमीटर आणि इंच यांत २५.४ पटींचा फरक असल्याने ती चूक लगेच दिसते; लहान फरकाची चूक मात्र नजरेतून निसटते. इंकस्केपच्या ०.९२ पूर्वीच्या आवृत्त्या एका इंचात ९० बिंदू धरीत, त्यानंतरच्या आवृत्त्या ९६ धरतात. जुनी फाइल नव्या हिशेबाने वाचली गेली तर ४८० मिलिमीटरची फळी ४५० मिलिमीटरची होते. सर्व भाग त्याच प्रमाणात लहान झाल्यामुळे मापांचा मेळ वरवर पाहता बसतो आणि शंका येत नाही. १८ मिलिमीटरच्या फळीसाठी आखलेली खाच १६.९ मिलिमीटरची निघते व फळी तीत शिरत नाही, तेव्हा घोळ लक्षात येतो. खाचा नसलेल्या पेटीत तर बाजारातून आणलेली प्रमाणित चौकट बसत नाही इथवर थांबावे लागते.

यावर उपाय अगदी साधा आहे. प्रत्येक आराखड्याच्या कोपऱ्यात १०० मिलिमीटर बाजूचा एक कसोटी चौरस असावा. कापण्यापूर्वी तो चौरस मोजला की एककाचा प्रश्न तेथेच निकालात निघतो.

रेषेपासून मार्गापर्यंत

रेखाचित्र वस्तूचा आकार सांगते. हा आकार मिळवण्यासाठी फिरत्या बिटचा मध्यबिंदू कोठून, किती खोलीने आणि किती वेगाने न्यायचा, हे सांगतो तो टूलपाथ. रेखाचित्राचे टूलपाथमध्ये रूपांतर करणे म्हणजे निर्णयांची एक मालिका असते आणि यांतील प्रत्येक निर्णयाचा पेटीवर परिणाम होतो.

पहिला निर्णय रेषेच्या बाजूचा. ६ मिलिमीटर व्यासाचा बिट नेमका रेषेवरून नेला, तर तो रेषेच्या दोन्ही बाजूंचे तीन-तीन मिलिमीटर लाकूड खातो. भाग बाहेरून कापायचा असेल तर मार्ग रेषेच्या बाहेर तीन मिलिमीटर सरकवावा लागतो. छिद्र किंवा खाच असेल तर आत. आराखड्यात चौकट आणि भिंत यांत ८ मिलिमीटर अंतर आहे असे समजू. चौकटीची फळी रेषेवरून कापली गेली तर ती एकूण ६ मिलिमीटरने आखूड होते आणि दोन्ही बाजूंचे अंतर ११ मिलिमीटर होते. तेथे माश्या जादा पोळे बांधतील. हीच चूक पेटीच्या पुढच्या व मागच्या फळीत झाली तर अंतर ५ मिलिमीटर उरते आणि माशीला जाण्यास वाट राहत नाही. संगणकाच्या पडद्यावरील एका पर्यायाची ही किंमत आहे.

दुसरा निर्णय कोपऱ्यांचा. गोल फिरणारा बिट आतल्या बाजूस काटकोन कापू शकत नाही. ६ मिलिमीटरच्या बिटने कोपऱ्यात ३ मिलिमीटर त्रिज्येची गोलाई राहते. एकमेकांत गुंतणाऱ्या दात्यांच्या सांध्यात ती गोलाई समोरच्या फळीला अडवते आणि सांधा उघडा राहतो. म्हणून कोपऱ्यात बिट किंचित पुढे नेऊन छोटी अर्धगोल जागा मोकळी करतात किंवा पटाशीने कोपरा साफ करतात. मधपेटीत पहिला उपाय सावधपणे वापरावा लागतो. ही मोकळी जागा आतल्या बाजूला उघडी राहिली तर ती मेणपतंगाला आयता आसरा देते. सुताराची पटाशी येथे यंत्राहून श्रेष्ठ ठरते.

तिसरा निर्णय खोली आणि वेग यांचा. घरी जुळवलेल्या यंत्राचा सांगाडा कारखान्यातील यंत्राइतका ताठ नसतो. पूर्ण जाडी एका फेरीत कापायला गेल्यास बिट वाकतो, कड लाटांसारखी निघते आणि माप सरकते. हलक्या यंत्रावर एका फेरीत बिटच्या व्यासाच्या निम्म्यापर्यंत खोली घेणे हा सुरक्षित अंदाज आहे. पुढे सरकण्याचा वेग बिटचे फेरे, त्याच्या धारा आणि प्रत्येक धारेने उचलायचा छिलका यांच्या गुणाकारातून मिळतो. मिनिटाला १२,००० फेरे, दोन धारा आणि ०.०५ मिलिमीटर छिलका धरल्यास तो मिनिटाला १,२०० मिलिमीटर येतो. वेग फार कमी ठेवला तरी नुकसानच होते. बिट लाकूड कापण्याऐवजी घासतो, तापतो आणि कड करपते.

याखेरीज कापलेला भाग शेवटच्या फेरीत सुटून उडू नये म्हणून मध्ये छोटे जोड ठेवणे, फळी आवळणारे चिमटे किंवा स्क्रू बिटच्या मार्गात येत नाहीत हे पाहणे, उंचीचे शून्य फळीच्या वरच्या पृष्ठावर धरले आहे की यंत्राच्या पाटावर हे निश्चित करणे, अशा गोष्टी आहेत. शेवटची चूक झाली तर बिट फळीतून आरपार जाऊन पाटात घुसतो.

तयार जी-कोड का नको

यंत्राला अखेर मिळतात त्या जी-कोडच्या ओळी : येथे वेगाने जा, येथपर्यंत कापत जा, कंसात वळ. मग संस्थेनेच तयार जी-कोड प्रसिद्ध करावा, शेतकऱ्याने फक्त कळ दाबावी, असा एक सोपा मार्ग सुचवला जातो. तो टाळणेच हिताचे आहे.

जी-कोडमध्ये वर सांगितलेले सर्व निर्णय गोठलेले असतात. ६ मिलिमीटरच्या बिटसाठी काढलेला मार्ग पाव इंची, म्हणजे ६.३५ मिलिमीटरच्या बिटने चालवला तर प्रत्येक भाग ०.३५ मिलिमीटरने लहान होतो. १८ मिलिमीटर म्हणून विकले जाणारे प्लायवूड मोजल्यावर नेमके तेवढे भरतेच असे नाही. खाचेची रुंदी हातात असलेल्या फळीनुसार ठरवावी लागते. यंत्रांची भाषाही पूर्णपणे एक नाही. घरगुती यंत्रांत अर्डुइनो पट्टीवर चालणारी, २००९ मध्ये सुरू झालेली जीआरबीएल ही मुक्त प्रणाली फार प्रचलित आहे. औद्योगिक यंत्रांतील छिद्रे पाडण्याच्या तयार चक्रांच्या आज्ञा तिला समजत नाहीत. मोठ्या यंत्रासाठी लिहिलेली फाइल तिच्यावर मध्येच अडते आणि तोपर्यंत कापलेली फळी वाया जाते. पूर्ण ताकदीच्या यंत्रासाठी ठरवलेली खोली हलक्या यंत्रावर वापरल्यास बिट तुटून इजा होण्याचा धोका असतो.

त्यामुळे श्रमविभागणी स्पष्ट हवी. वस्तूचा आकार, तिची मापे आणि त्यांमागील कारण देणे हे संस्थेचे काम. यंत्र, बिट आणि लाकूड पाहून मार्ग काढणे हे यंत्र चालवणाऱ्याचे काम. बियाण्याची शिफारस संशोधन केंद्र करते आणि पेरणीची खोली शेतातील ओल पाहून शेतकरी ठरवतो, तसेच हे आहे.

काही आक्षेप

पहिला आक्षेप असा की, मधपेटी हे सुताराचे काम आहे. त्यासाठी संगणक कशाला? या आक्षेपात तथ्य आहे. सरळ फळ्या कापण्यात गोल करवतीचे यंत्र राउटरहून कितीतरी जलद असते. राउटरला एकच रेषा सहा-सात फेऱ्यांत कापावी लागते. शंभर पेट्यांच्या चारशे भिंती राउटरवर कापणे हा वेळेचा अपव्यय ठरेल. परंतु सुताराच्या कामात चूक शिरते ती मापाच्या पुनरावृत्तीत. दहाव्या चौकटीपर्यंत पेन्सिलीची खूण थोडी सरकते आणि पन्नासाव्या चौकटीला ती आणखी सरकलेली असते. येथे घरगुती सीएनसी यंत्राचा सर्वोत्तम उपयोग आहे : त्याने पेट्या बनवण्याऐवजी साचे बनवावेत. चौकटीच्या बाजूपट्टीचा साचा, चौकट टेकवण्याच्या खाचेचा साचा, चौकटींमधील अंतर दाखवणारी दातेरी पट्टी आणि बी-स्पेस तपासण्याची मापपट्टी या चार वस्तू एकदा अचूक कापल्या की तालुक्यातील प्रत्येक सुतार आपल्या नेहमीच्या हत्यारांनी प्रमाणित पेटी बनवू शकतो. यंत्र सुताराची जागा घेत नाही. ते त्याच्या हातात पक्के माप देते.

दुसरा आक्षेप लाकडाविषयी. लाकूड हवेतील ओलाव्यानुसार फुगते व आकसते. मग यंत्राच्या दशांश मिलिमीटरच्या अचूकतेचा उपयोग काय? रुंदीच्या दिशेने फळी ऋतुमानानुसार मिलिमीटरभर सहज बदलते, हे खरे आहे. कोकणातील पावसाळा आणि विदर्भातील उन्हाळा यांत हा फरक ठळकपणे दिसतो. म्हणूनच आराखड्यात नुसते माप देऊन भागत नाही. ते किती कमी-अधिक झालेले चालेल हेही सांगावे लागते. माश्यांच्या वाटेचे अंतर अटळ आहे, भिंतीची जाडी मात्र हाताशी असलेल्या लाकडानुसार बदलली तरी चालते. हा विवेक कीटकशास्त्रज्ञाकडे असतो. तो आराखड्यात उतरला नाही तर यंत्र सर्वच मापांना सारखेच महत्त्व देते. चांगले वाळलेले, उग्र वास नसलेले लाकूड वापरावे, हा जुना नियम यंत्रामुळे रद्द होत नाही. एमडीएफ कापायला सोपे असले तरी ओलाव्याने फुगते. पेटीसाठी ते योग्य नाही आणि त्याची बारीक धूळ फुप्फुसांना अपायकारक असते. ते वापरायचे झाल्यास कोरड्या जागी ठेवल्या जाणाऱ्या साच्यांपुरतेच, तोंडावर मास्क लावून वापरावे.

तिसरा आक्षेप कौशल्याचा. संगणकावर आराखडा काढणारा आणि यंत्र चालवणारा तरुण गावात मिळेल का? महाराष्ट्रापुरते बोलायचे तर याचे उत्तर दोन दशकांपूर्वीच मिळालेले आहे. पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये सुरू केलेल्या विज्ञान आश्रमात २००२ मध्ये फॅब लॅब उभी राहिली. अमेरिकेतील एमआयटी संस्थेबाहेर सुरू झालेल्या जगातील अगदी सुरुवातीच्या फॅब लॅबमध्ये तिची गणना होते. शाळेत न रमलेली मुले हाताने काम करता करता शिकतात, हा त्या संस्थेचा मूळ विचार आहे. असे वातावरण देशातील सातशेहून अधिक कृषी विज्ञान केंद्रांपैकी काही ठिकाणी, जवळच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थेच्या साहाय्याने, निर्माण करणे अशक्य नाही. प्रत्येक केंद्राने यंत्र विकत घेण्याचीही गरज नाही. परिसरात ते कोणाकडे आहे याची माहिती असली तरी सुरुवात होते.

काय करावे

आराखडे प्रसिद्ध करणाऱ्या संस्थांनी आणि विस्तार कार्यकर्त्यांनी पुढील गोष्टींचा विचार करावा.

१. प्रत्येक उपकरणाचा आराखडा छापील आकृतीबरोबरच डीएक्सएफ आणि एसव्हीजी स्वरूपात, आवृत्ती क्रमांक व दिनांकासह विनामूल्य उपलब्ध करावा. कोपऱ्यात १०० मिलिमीटरचा कसोटी चौरस असावा.

२. अटळ मापे आणि बदलता येण्याजोगी मापे वेगळ्या रंगांत दाखवावीत. अटळ मापामागील जैविक कारण एका ओळीत द्यावे. कारण कळले की माप पाळले जाते.

३. शक्य तेथे आराखडा असा रचावा की फळीची जाडी किंवा चौकटीचे माप बदलताच त्यावर अवलंबून असलेली इतर मापे आपोआप बदलतील. फ्रीकॅडसारख्या विनामूल्य प्रणालीत हे करता येते. मधमाशीच्या प्रदेशनिहाय फरकावर हाच टिकाऊ उपाय आहे.

४. तयार जी-कोड देऊ नये. त्याऐवजी बिटचा व्यास, मार्गाची बाजू, फेरीची खोली आणि उंचीचे शून्य यांविषयी मराठीसह सर्व भारतीय भाषांत एक पानी मार्गदर्शिका द्यावी.

५. प्रशिक्षणात ‘आधी कागद, मग लाकूड’ ही शिस्त लावावी. बिटच्या जागी पेन बांधून पूर्ण मार्ग कागदावर काढून पाहावा आणि मोजपट्टीने तपासावा. पेन बिटच्या मध्यबिंदूचा मार्ग काढते. म्हणून बाहेरून कापायच्या ६ मिलिमीटर बिटच्या आकृतीत प्रत्येक माप ६ मिलिमीटरने मोठे दिसले पाहिजे. तसे दिसले नाही तर रेषेची बाजू चुकली आहे, हे एकही फळी न बिघडवता कळते.

६. पहिली पेटी कापल्यावर तीत माश्या सोडण्यापूर्वी सर्व चौकटी बसवून बी-स्पेस मापपट्टीने तपासावी. सांध्यांतील फटी मेणाने किंवा लाकडाच्या भुकटीच्या लांबीने बुजवाव्यात.

या सूचनांपैकी एकीसाठीही नवी योजना किंवा मोठा निधी लागत नाही. संस्थांकडे आराखडे आहेतच आणि ते काढणारे अभियंतेही आहेत. अनेक ठिकाणी मूळ संगणकीय रेखाचित्रही उपलब्ध असते. प्रकाशनाच्या वेळी त्याचे चित्र होते आणि त्यातील गणिती रेषा तेथेच नाहीशी होते. पुस्तिकेची पुढची आवृत्ती काढताना ती मूळ फाइलही सोबत दिली, तर गावातील तरुणाला चित्रावरून अंदाज बांधत बसावे लागणार नाही. त्याचा साचा पहिल्या प्रयत्नात बरोबर निघेल, सुताराची शंभरावी चौकट पहिलीसारखी होईल आणि पेटीत सोडलेली सातेरी तेथे टिकण्याची शक्यता वाढेल.